उजवा हात

आजोबा तांबं ठोकायचे, मी गुंडाळतो.
आळी तीच, कसब्यातली. आवाज तेवढा बदलला.

घारपुरे मॅडमनी पिशवीतून काढून ठेवले
वर्तमानपत्रात बांधलेले दोन हात,
मेथीची जुडी ठेवावी तसे.
त्रेपन्न सालच्या मॉरिसचे.
दाराशेजारच्या खाचेतून टक्कन बाहेर येणारे,
वीतभर, पिवळट, पोटात इवला दिवा.
वळायचं असलं की गाडी हात वर करायची
उत्तर येणाऱ्या मुलीसारखी.
(आमच्या धंद्यात हात वर करणारे पुष्कळ.
काम करून वर करणारा हा पहिलाच.)

"टिकतील ना?"
"टिकतील की."
"म्हणजे किती वेळा?"
बाईंनी तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेलं,
"टिकतील की"ने त्यांचं भागत नाही.

मग मांडला संसार.
इडलीच्या ग्राइंडरची मोटर, तिच्यावर पत्र्याचा कॅम,
शनिवारातल्या बंद छापखान्याचा काउंटर,
लग्नपत्रिका मोजून मोजून गुळगुळीत झालेला.
बारा व्होल्टची बॅटरी.
आणि वही घेऊन तस्लीम, औंधच्या आयटीआयची,
जी सात आणि एक इतके सारखे काढते
की संध्याकाळी भांडण होतंच.

चार सेकंद वर, चार खाली.
डावा राहिला कागदात. उजवा लागला कामाला.
शंभर. आठशे.
दोन हजारांनंतर टक्क ऐकू येईनासं झालं,
फक्त थांबलं तर कळलं असतं.

थांबलं. गुरुवार होता, वीज जाणारच,
पण आम्ही चहाला गेलो होतो.
मोटर थांबली, कॅम नेमका दाबून बसलेला,
बॅटरीला कोण सांगणार वीज गेली म्हणून.
वीस मिनिटं हात वरच.
परतलो तर गल्लीच्या तोंडाशीच वास:
तापलेल्या शेलॅकचा.
नवसागराचा वास आजोबांचा, हा माझा.
झोपेतून उठवलं तरी ओळखेन.

तार ओढून काढली. कॉइलला बोट लावलं, पोळलं.
तस्लीम काही बोलली नाही,
वहीत लिहिलं: ३१०६, चहा.

गार होऊ दिलं. मीटर लावला.
ओहम जिथल्या तिथे.
कुणा अनोळखी माणसानं, दूर कुठल्या कारखान्यात,
एकावर एक इतके नेटके वेढे दिले होते
की माझा गाढवपणासुद्धा त्यात मावला.
मी असं गुंडाळतो का?
शनिवारपर्यंत हे डोक्यात होतं,
मग दुसरं गिऱ्हाईक आलं.

सहाव्या दिवशी वीस हजार.
कॉइल ठणठणीत. खिळ झिजली,
खाली येताना हात जरा रेंगाळतो,
खाचेत शिरण्याआधी विचार केल्यासारखा.

हिशेब मांडला: रविवारची एक फेरी,
सहा उजवी वळणं, वर्षाचे पन्नास रविवार.
म्हणजे सहासष्ट वर्षं.
टिकतात का बघायला म्हणून
सहा दिवसांत खर्चून टाकली मी.

हे बाईंना सांगणं भाग होतं.
"बसवू कुठला उजवीकडे?
हा तपासलेला, पण थकलेला.
तो कोरा, पण त्याचं काही माहीत नाही."
त्यांनी दोन्ही तळव्यांवर तोलून पाहिले,
बिया निवडताना बघत असतील तसे.
"थकलेला लावा.
उजवीकडे वळताना मला खात्री हवी.
डावीकडे काय, पुण्यात कुणी विचारून वळतं?"

रविवारी मागच्या सीटवर मी आणि तस्लीम.
नळ स्टॉपला हात वर झाला.
मागून हॉर्न, बाजूनं दोन स्कूटर,
एकानं वळून पाहिलं, हसला, गेला.
आम्ही वळलो.
हात रेंगाळला, आत गेला.
तस्लीमनं मांडीवर वही ठेवून लिहिलं: २०००१.
शेवटचा आकडा सात दिसत होता.

डाव्याबद्दल मला अजून काहीच ठाऊक नाही.
दिसतो मात्र अगदी नवा.